चांदरातीची खबर पोहोचते, पुराची का नाही?

रमजानची २९ तारीख असते. मगरिबची नमाज होते आणि तासा-दोन तासांत नाशिकच्या प्रत्येक मुस्लिम घराला कळते की उद्या ईद आहे की तिसावा रोजा. ही खबर इतक्या लवकर कशी पोहोचते, याचा आपण सहसा विचार करत नाही. कोणीतरी चंद्र पाहिलेला असतो किंवा दुसऱ्या शहरातून साक्ष आलेली असते. चांद कमिटी ती तपासते. खतीब आणि उलेमा निर्णय जाहीर करतात. मशिदींच्या स्पीकरवरून पुकारा होतो, मुले गल्लीतून ओरडत पळतात आणि ज्या आजीला नीट ऐकू येत नाही तिला नात जवळ जाऊन सांगते. कोणी विचारत नाही की हे कशावरून. खबर ऐकल्यावर काय करायचे तेही सांगावे लागत नाही. तरावीह थांबते, शीरखुर्म्याच्या दुधाची धावपळ सुरू होते.

या व्यवस्थेत चार गोष्टी आहेत. खबर तपासलेली असते. जाहीर करणारा ठरलेला असतो. ती शेवटच्या घरापर्यंत नेणारी वाट तयार असते. आणि ऐकणाऱ्याला पुढचे पाऊल आधीच माहीत असते.

आता पावसाळा तोंडावर आला आहे. समुद्रात चक्रीवादळाचा हंगाम सुरू आहे, धरणांच्या पाणलोटात पहिले ढग जमतील, हवामान विभागाची पिवळी-नारंगी-लाल पत्रके रोज निघतील. यंदाच्या हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. चंद्राची खबर जितक्या खात्रीने आपल्या मोहल्ल्यात पोहोचते, तितक्याच खात्रीने पाण्याची खबर का पोहोचत नाही?

कोणी म्हणेल, नाशिकला समुद्र कुठे आहे? चक्रीवादळाशी आपला काय संबंध? ३ जून २०२० रोजी याचे उत्तर मिळाले आहे. बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे नाव घेऊन आलेले चक्रीवादळ त्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. मुंबई बचावली म्हणून वाहिन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बागा एका दुपारी गेल्या. त्यानंतर वादळाचा जोर कमी झाला, पण ते थांबले नाही. घाट चढून ते त्याच रात्री उत्तर महाराष्ट्राच्या दिशेने सरकले आणि नाशिक जिल्ह्यानेही वारा आणि मुसळधार पाऊस अनुभवला. कांद्याच्या चाळीला किंवा पत्र्याच्या घराला त्या वाऱ्याचा वेग विचारावा लागत नाही. किनाऱ्यापासून दूर असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, हे त्या रात्री कळले.

‘निसर्ग’मधून आणखी एक धडा मिळाला. वादळ गेल्यावर रायगडच्या अनेक गावांत वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि कित्येक दिवस संपर्कच उरला नाही. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली कमावती माणसे आखाती देशांत असतात. ती तिकडे टीव्हीवर चित्रे पाहत होती आणि घरचा फोन लागत नव्हता. फक्त मोबाइलवर उभी केलेली इशारा-व्यवस्था मोबाइल पडला की संपते. ज्या वेळी तिची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तीच वेळ टॉवर पडण्याची असते.

अंदाज वर्तवण्याच्या बाबतीत आपला देश मागे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने हजारो माणसे मारली, त्यानंतरच्या वर्षांत दुष्काळ पडले, आणि त्या अनुभवातून १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग उभा राहिला. आज बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांवर नजर ठेवण्याची, त्यांना नावे देण्याची आणि शेजारी देशांना सल्ला देण्याची जबाबदारी याच विभागाच्या दिल्लीतल्या केंद्राकडे आहे. वादळाची वाट २४ तास आधी सांगताना होणारी सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. विजांचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे अॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ आहे. २०२३ मध्ये देशभर फोन अचानक मोठ्याने वाजून चाचणीचे संदेश आले होते, ते अनेकांना आठवत असतील. इंटरनेट नसले तरी एका टॉवरखालच्या सर्व फोनवर एकाच वेळी इशारा पाठवण्याची ती सोय आहे.

मग गाडी अडते कुठे? १७ मे २०२१ ची घटना पाहा. ‘तौक्ते’ येणार हे काही दिवस आधीपासून माहीत होते. हवामान विभागाची पत्रके निघत होती, मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्याला परतल्या होत्या. तरी मुंबईजवळच्या समुद्रात तेलक्षेत्रात काम करणारा पी-३०५ हा बार्ज २६१ माणसांसह तिथेच राहिला. नांगर तुटले, बार्ज भरकटला आणि बुडाला. ७० हून अधिक कामगारांचा जीव गेला. ते कामगार देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून पोट भरायला आलेले होते. इशारा आला होता. तो ऐकून ‘काम थांबवा, परत चला’ म्हणण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता त्यांनी तो वेळेवर वापरला नाही, आणि ज्यांच्या जीवावर बेतले त्यांना तो अधिकारच नव्हता. पावसात जे मरतात ते बहुधा असेच असतात: ज्यांना खबर असते पण हलण्याची मुभा नसते, किंवा ज्यांच्यापर्यंत खबर येतच नाही.

आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर मालेगावचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये गिरणा नदीत मासे धरायला गेलेले पंधराएक जण पाणी वाढल्याने पात्रातल्या खडकावर अडकले. रात्रभर ते तिथेच होते. दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचलून आणले. अल्लाहच्या कृपेने सर्व वाचले, म्हणून ती बातमी दोन दिवसांत विसरली गेली. पण प्रश्न उरतोच. वरच्या भागात पाऊस पडत होता, धरणांतून पाणी सुटत होते, त्याची माहिती सरकारी यंत्रणेत कागदावर होती. नदीत उतरणाऱ्या माणसापर्यंत ती पोहोचली असती, तर हेलिकॉप्टरची गरज पडली नसती.

नाशिक शहराचा पूर असाच फसवा असतो. गोदावरीला पाणी येते ते शहरातल्या पावसाने कमी आणि त्र्यंबकेश्वरच्या डोंगरातल्या पावसाने जास्त. तिकडचे पाणी काश्यपी, गौतमी आणि गंगापूर या धरणांत साठते. धरण भरत आले की विसर्ग सुरू होतो. शहरात त्या वेळी ऊनसुद्धा पडलेले असू शकते. घाटावरच्या विक्रेत्याने आभाळाकडे पाहून काही उपयोग नसतो, त्याला धरणाची खबर लागते. आणि ती खबर कशी येते? ‘गंगापूर धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला २ लाख ८० हजार लिटर. हा आकडा अभियंत्यासाठी अगदी अचूक आहे. पण भांडी बाजारातल्या दुकानदाराला, भाजीच्या गाडीवाल्याला, नदीकाठच्या झोपडीतल्या आईला त्यातून काय कळणार? माल उचलायचा की नाही? पोरांना घेऊन निघायचे की नाही?

याउलट नाशिककरांनी स्वतःचे एक माप पूर्वीपासून ठरवले आहे. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी पायाशी आले, गुडघ्याला लागले, कंबरेला लागले, गळ्यापर्यंत गेले, की त्यावरून शहर आपापली हालचाल ठरवते. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोक त्याच मापाने आठवतात. मूर्ती हिंदू बांधवांच्या श्रद्धेची आहे, पण माप सगळ्या शहराचे आहे. भद्रकालीतला मुस्लिम व्यापारीही फोनवर हेच विचारतो की मारुतीला पाणी कुठवर आले. चांगला इशारा असाच असतो. तो लोकांच्या डोळ्यांसमोरच्या वस्तूत बोलतो. प्रशासनाने क्युसेकच्या आकड्यासोबत एवढेच सांगितले, की या विसर्गाने अमुक वाजेपर्यंत पाणी मारुतीच्या अमुक भागापर्यंत येईल, अमुक रस्ता बंद होईल, अमुक शाळेत निवाऱ्याची सोय आहे, तर त्या एका वाक्याने अर्धे काम होईल.

गोदावरीला निदान धरण आहे, म्हणजे काही तासांची मुदत मिळते. नासर्डी आणि वाघाडी यांना तीही नाही. शहरातच तासाभरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की त्यांचे पाणी थेट काठच्या वस्त्यांत शिरते. अशा वस्त्यांत राहणारे कोण आहेत हे सांगायला नको. स्वस्त भाड्याची खोली जिथे मिळते, तिथेच बहुधा पाणीही आधी येते. यात धर्माचा हिशेब नाही, गरिबीचा आहे. आणि आपल्या समाजाचा मोठा भाग त्या गरिबीत राहतो.

हवामान विभागाच्या रंगांचा अर्थही घराघरांत माहीत हवा. हिरवा म्हणजे काळजीचे कारण नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे आता कृती करा. पावसाच्या शब्दांनाही ठरलेली मापे आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘मुसळधार’, ११५.६ च्या पुढे ‘अति मुसळधार’ आणि २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, यावरून या मापांचा अंदाज येईल. चक्रीवादळाच्या इशाऱ्यांचेही टप्पे आहेत. पहिली सावधगिरीची सूचना सुमारे ७२ तास आधी, पुढचा इशारा ४८ तास आधी, आणि २४ तास आधी अधिक नेमका इशारा. हे पाचवीच्या मुलालाही शिकवता येते. मकतबमध्ये, शाळेत, बचत गटाच्या बैठकीत एकदा पंधरा मिनिटे दिली तरी पुरे.

आता अफवांबद्दल. मे २०२५ मध्ये ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ महाराष्ट्रावर येत असल्याचे संदेश फोनाफोनी फिरले. हवामान विभागाने तसा अंदाज दिलेलाच नव्हता. समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, कोकणात भरपूर पाऊस झाला, पण चक्रीवादळ झाले नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये अरबी समुद्रात त्या नावाचे वादळ खरोखर झाले आणि खोल समुद्राकडे निघून गेले. दोन्ही वेळा लोकांनी म्हटले, ‘काही होत नाही, उगाच घाबरवतात.’ अफवेचा खरा तोटा हाच आहे. ती एकदा घाबरवते आणि पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत कमी करते. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेली खबर तपासून घेण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान होईल. ही ताकीद केवळ भांडणापुरती नाही. फॉरवर्डचे बटण दाबणाऱ्या प्रत्येकाला ती लागू आहे. चंद्राची साक्ष आपण जितकी काटेकोर तपासतो, तितकी वादळाची तपासायला काय हरकत आहे?

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इशारा दिला आणि पाऊस पडला नाही, तर तो इशारा खोटा ठरत नाही. अंदाज हा शक्यतेचा असतो. दहापैकी सात वेळा होईल असे म्हटले तर तीन वेळा होणार नाही, हे त्यातच आले. रिकाम्या गेलेल्या इशाऱ्यासाठी एक रात्र शाळेत काढावी लागली, तर ती रात्र वाया गेली असे समजू नये. मात्र ती रात्र माणसासारखी काढता आली पाहिजे. शाळेत पाणी हवे, स्वच्छतागृह हवे, स्त्रियांसाठी वेगळी जागा हवी, दार बंद करून ठेवलेल्या घरावर पोलिसांची नजर हवी. लोक इशारा ऐकूनही निघत नाहीत, याचे कारण नेहमी हट्ट नसते. घरातले चार पैसे, शिलाई मशीन, बकऱ्या कोणाच्या भरवशावर सोडायच्या, हा त्यांचा प्रश्न असतो. बांधकामावरच्या मजुराला दिवसाची मजुरी बुडेल याची भीती असते. ज्याने इशारा द्यायचा त्याने या प्रश्नांचे उत्तरही सोबत द्यावे.

हे जमते का? जमते, आणि आपल्याइतक्याच गरीब माणसांना जमले आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात तीन ते पाच लाख माणसे गेली. वादळ येत आहे हे अनेकांच्या कानावर होते, पण जायचे कुठे आणि कधी, हे सांगणारा कोणी दारात आला नाही. त्यानंतर तिथे रेड क्रॉसच्या पुढाकाराने चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभा राहिला. आज त्यात ७५ हजारांहून अधिक स्वयंसेवक आहेत. गावातलीच माणसे, हातात झेंडे, भोंगे आणि हाताने फिरवायचे सायरन. मशिदीच्या माइकवरूनही इशारा पुकारला जातो. १९९१ च्या वादळात तिथे सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली, त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते. बऱ्याच जणी घरातला पुरुष येईपर्यंत थांबल्या होत्या. त्यातून धडा घेऊन स्त्री स्वयंसेवक वाढवल्या गेल्या, आज त्या सुमारे निम्म्या आहेत. आता तशाच ताकदीच्या वादळात तिथले मृत्यू शेकड्यांच्या आत राहतात. आपल्या ओडिशातही १९९९ च्या वादळात सुमारे दहा हजार माणसे मेली आणि २०१३ च्या ‘फायलीन’मध्ये पन्नासच्या आसपास. मधल्या काळात वादळे सौम्य झाली नाहीत. माणसांना वेळेवर हलवण्याची यंत्रणा उभी राहिली.

आपल्याकडे कधीकधी ऐकू येते की सर्व अल्लाहच्या हाती आहे, आपण काय करणार. सर्व त्याच्याच हाती आहे, याबद्दल दुमत नाही. पण उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही पैगंबरांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हजरत यूसुफ (अलै.) यांच्या किस्स्यात सात सुकाळी आणि सात दुष्काळी वर्षांचा अंदाज आहे, आणि त्याला लागूनच धान्य साठवण्याची पद्धतही आहे. अंदाज कळला की तयारी करायची, तयारी म्हणजे तवक्कुलच्या विरुद्ध नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

याहून थेट उदाहरण अजानचे आहे. हदीसच्या ग्रंथांत नोंद आहे की कडाक्याच्या थंडीत किंवा पावसाच्या रात्री मुअज्जिन लोकांना आपापल्या मुक्कामीच नमाज अदा करण्याचे पुकारत असे. पावसाच्या एका दिवशी हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुअज्जिनला तसाच पुकारा करायला सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटले. त्यांनी समजावले की हे आपल्याहून श्रेष्ठ असलेल्यांनी केले आहे, चिखलात लोकांना त्रास व्हावा अशी इच्छा नाही. म्हणजे जीव आणि सोय पाहून हवामानाची सूचना मशिदीतून देण्याचा पायंडा नवा नाही. कोविडच्या काळात आपण याच आधारावर घरी नमाज पढण्याचे पुकारे केले होते.

इथे स्पीकरचा विषय निघणारच. २०२२ मध्ये भोंग्यांवरून राज्यात किती राजकारण तापले हे सर्वांना आठवते. आमची भूमिका स्वच्छ आहे. आवाजाचे नियम सर्वांना सारखे आहेत आणि ते पाळले पाहिजेत. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हे त्यात आलेच. मात्र ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रात्रीच्या बंदीला जे अपवाद दिले आहेत त्यांत सार्वजनिक आणीबाणी हाही एक आहे. पुराचा इशारा म्हणजे सार्वजनिक आणीबाणी नाही तर काय? अडचण एवढीच आहे की रात्री दोन वाजता स्पीकर लावायला कोणता मुतवल्ली धजावेल? उद्या त्याच्यावरच गुन्हा दाखल झाला तर? ही भीती खोटी नाही. म्हणून हे काम तोंडी समजुतीवर सोडता येणार नाही. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. त्यांनी पावसाळ्याआधी लेखी आदेश काढावा: कोणत्या अधिकाऱ्याच्या निरोपावर, कोणत्या परिस्थितीत, ठरवून दिलेल्या मजकुराचा पुकारा प्रार्थनास्थळांच्या स्पीकरवरून करता येईल. हा आदेश मशिदींसाठी वेगळा नको. मंदिर, गुरुद्वारा, बुद्धविहार, चर्च, सर्वांसाठी एकच असावा. नदी उतरताना वस्ती पाहत नाही, मग पुकारा वस्ती पाहून का व्हावा?

स्पीकर असला तरी सगळे भागत नाही. मालेगावच्या यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला कानाशी बोललेले ऐकू येत नाही, तिथे बाहेरचा पुकारा काय पोहोचणार? तिथे कोणीतरी आत जाऊन माग बंद करायला लावला पाहिजे. बहिऱ्या माणसाला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, तळघरात झोपलेल्या भंगार कामगाराला दारावरची थापच लागते. आणि दारावर थाप मारायची तर कोणत्या दारावर, हे माहीत हवे. ही माहिती आपल्याकडे आहे. रमजानमध्ये रेशन किट आणि फित्रा वाटण्यासाठी बहुतेक मशिदींकडे विधवा, वृद्ध, आजारी, निराधार घरांची यादी असते. तीच यादी जूनमध्ये पुन्हा काढावी, त्यात प्रत्येक घरापुढे शेजारच्या एका तरुणाचे आणि एका बाईचे नाव लिहावे. इशारा आला की या दोघांनी त्या घरी जायचे. मोहल्ल्यात मुस्लिमेतर घरे असतील तर ती नावेही त्याच यादीत आली पाहिजेत. खिदमतीला धर्म विचारायचा नसतो. ही यादी अमानत आहे, तिचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

मदतीच्या कामात आपला समाज कधी कमी पडलेला नाही. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला, २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, तेव्हा राज्यभरातून देगा, चादरी, औषधे घेऊन तरुण गेले. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पाणी ओसरल्यावर खिचडी वाटणाऱ्याचा फोटो निघतो आणि पाणी येण्याआधी दार वाजवणाऱ्याचा निघत नाही. म्हणून दुसरे काम मागे पडते. सवाबाचा हिशेब तर अल्लाहच ठेवतो. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या माणुसकीला वाचवणे, हे मानणाऱ्या समाजाने या दुसऱ्या कामाकडे पाठ फिरवू नये.

प्रशासनाकडे आमच्या मोजक्याच मागण्या आहेत. विसर्गाची सूचना मराठीबरोबर उर्दू आणि हिंदीतही द्यावी, आणि लिखित संदेशासोबत आवाजाची छोटी फीत द्यावी, कारण वाचता न येणारी माणसे आहेत. नासर्डी आणि वाघाडीच्या काठावर पाणी वाढल्याची खूण दाखवणारे रंगीत खांब आणि सायरन लावावेत. प्रत्येक प्रभागातल्या निवाऱ्याच्या शाळांची नावे पावसाळ्याआधी भिंतींवर लिहावीत. आपदा मित्र योजनेच्या प्रशिक्षणात मोहल्ल्यांतल्या तरुणांना आणि मुलींनाही जागा द्यावी. आणि एकदा तरी रंगीत तालीम घ्यावी. २०२७ च्या पावसाळ्यात नाशिकला सिंहस्थाची स्नाने आहेत. लाखो भाविक नदीकाठी असतील, धरणे भरलेली असतील. त्या वेळी गोदाकाठाला एकाच वेळी, एकाच भाषेत, घाबरवून न सोडता सूचना देता आली पाहिजे. त्याची तयारी यंदाच्या पावसाळ्यात आपल्या गल्ल्यांतून सुरू होऊ शकते. संयुक्त राष्ट्रांनीही २०२७ पर्यंत जगातल्या प्रत्येक माणसाला पूर्वसूचनेचे संरक्षण देण्याचे ठरवले आहे. त्या ‘प्रत्येक माणसा’त नासर्डीकाठचा माणूस येतो.

मशिदींच्या कमिट्यांना आमची विनंती आहे की जूनच्या पहिल्या जुम्याला खुत्ब्याआधीच्या बयानात पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. रंगांचे अर्थ सांगावेत. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सूचना फलकावर लिहावा. खबर कोणाकडून घ्यायची आणि स्पीकरवर कोण बोलणार, ही दोन नावे ठरवावीत. स्पीकरची चावी रात्री कोणाकडे असते हे त्या दोघांना माहीत असावे, आणि वीज गेली तर चालेल असा हातातला भोंगा एक विकत घ्यावा. वाचकांनी आपल्या घरी आज रात्रीच एवढे करावे: आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, औषधांची चिठ्ठी हे सर्व एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून उंचावर ठेवावे, आणि निघावे लागले तर कुठे भेटायचे हे मुलांना सांगून ठेवावे.

यातले कोणतेही काम मोठ्या निधीचे नाही. वाट तयार आहे, माणसे तयार आहेत, सवय आहे. चांदरातीला जी यंत्रणा वर्षातून दोनदा आनंदाची खबर घरोघर नेते, तिनेच या पावसाळ्यात काळजीची खबरही न्यावी. अल्लाह आपल्या शहराला, गोदेच्या आणि गिरणेच्या काठच्या प्रत्येक घराला सलामत ठेवो. आणि आपल्याला वेळेवर शेजारचे दार वाजवण्याची तौफीक देवो. आमीन.